आठ हजारांचं तिकीट: भाव कुठून चढतो आणि रांगेत शिरण्याआधी काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: आवडता रॉक बँड मुंबईत येतोय, पुण्याहून दोघांना जायचंय, उभं राहून बघायचं तिकीट सगळं धरून आठ हजारांवर जातंय. एवढे पैसे नेमके कशाचे, आणि तिकीट हाती लागावं म्हणून काय करायचं?

आधी पैशाचं. तिकिटाचा तळ खर्च ठरवतो आणि माथा गर्दी ठरवते. हे दोन आकडे वेगळे असतात, आणि गेल्या काही वर्षांत तळापेक्षा माथा जास्त वेगाने वर गेलाय.

आठ हजारांची फोड करून बघा. मूळ किंमत 6,500 रुपये धरा. पाचशे रुपयांवरच्या कॉन्सर्टच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,170. त्यावर बुकिंग साइटचं सुविधा शुल्क समजा 300, आणि त्या शुल्कावरही 18 टक्के, म्हणजे 54. एकूण 8,024. यातले 1,224 रुपये थेट सरकारजमा होतात. म्हणून जाहिरातीतला ‘पासून पुढे’चा आकडा करासकट आहे की कराविना, हे विक्रीच्या आदल्या दिवशीच वाचून ठेवायचं. पेमेंटच्या पानावर दोन तिकिटांमागे दोन-तीन हजारांचा फरक दिसला की माणूस थबकतो, आणि तेवढ्यात घड्याळ संपतं.

उरलेल्या 6,500 मधला मोठा घास कलाकाराच्या मानधनाचा. करार बहुतेक डॉलरमध्ये असतो. एक रक्कम हमखास द्यायची, आणि खर्च वजा जाता उरलेल्यातला ठरलेला हिस्सा त्या रकमेपेक्षा जास्त भरला तर तो द्यायचा, अशी रीत आहे. मोठ्या नावांच्या बाबतीत हा हिस्सा 85 ते 90 टक्क्यांपर्यंत जातो. आता रुपयाकडे बघा. यू टू 15 डिसेंबर 2019 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वाजवून गेले तेव्हा डॉलर साधारण 71 रुपये होता. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले त्याच मैदानावर आले तेव्हा तो 86 च्या आसपास होता. म्हणजे दहा लाख डॉलरचं मानधन एका पैशानेही वाढलं नाही असं धरलं, तरी ते 7.1 कोटींवरून 8.6 कोटींवर गेलं.

इथेच थांबत नाही. परदेशी कलाकाराच्या भारतातल्या कमाईवर 20 टक्के कर लागतो, वर अधिभार-उपकर वेगळे. करारात मात्र ‘कर जाऊन एवढे हातात हवेत’ असं कलम असतं, त्यामुळे तो कर आयोजकाच्या अंगावर पडतो. हातात 8.6 कोटी द्यायचे तर अधिभार न धरताही हिशोब 10.75 कोटींचा होतो. तिकीट महाग का, या चर्चेत हे कलम क्वचितच कुणाच्या तोंडी येतं.

मानधन मुळात फुगलं त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. कॅसेट-सीडी विकून मिळणारा पैसा आटला, स्ट्रीमिंगमधून त्याची भरपाई होत नाही, म्हणून बँडचं घर आता दौऱ्यावर चालतं.

दुसरा खर्च सामानाचा, म्हणजे स्टेजवरचं सगळं विमानाने आणण्या-नेण्याचा. आपल्याकडे मोठे बँड सहसा आखात आणि आशिया-ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यांना जोडूनच येतात, ते याच कारणाने. कोल्डप्लेचे जानेवारी 2025 चे शो 9 ते 14 तारखेदरम्यान अबू धाबीत झाले, मग 18, 19 आणि 21 ला नेरूळ, 25 आणि 26 ला अहमदाबाद. सामान एकदा उतरलं आणि पाच शोंमध्ये वाटलं गेलं. बँड भारतात एकच शो करणार असेल तर तेच विमानभाडं, तेच कस्टम, तोच क्रू एका रात्रीच्या तिकिटांतून वसूल करावा लागतो. म्हणून दौऱ्याची यादी आली की आधी शेजारच्या तारखा बघा. आखात, मुंबई, बंगळुरू असं लागोपाठ असेल तर भाव त्यातल्या त्यात आवाक्यात राहण्याची शक्यता असते. दोन आठवड्यांच्या पोकळीत एकटाच मुंबईचा शो असेल तर नाही.

जागेचं अर्थकारणही उलटसुलट आहे. स्टेडियममध्ये खुर्च्या, स्वच्छतागृहं, दरवाजे तयार असतात, पण स्टेज एका टोकाला लागतो आणि त्याच्या मागचे स्टँड विकताच येत नाहीत. महालक्ष्मी रेसकोर्ससारख्या मोकळ्या मैदानावर माणसं जास्त मावतात, पण तिथे जमिनीवरच्या फळ्यांपासून जनरेटर, बॅरिकेड आणि फिरत्या संडासांपर्यंत सगळं चार दिवसांत उभारून परत काढायचं असतं. त्यात रात्री दहानंतर खुल्या जागेत लाउडस्पीकरला बंदी. सवलतीचे दिवस मोजके आणि ते सणांनाच जास्त खर्ची पडतात. मुंबईत रॉकचं माहेरघर असलेलं धोबीतलावचं रंगभवन याच आवाजाच्या नियमांनी गप्प झालं, आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज असल्यामुळे. 1986 पासूनचा इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव तिथे ऐकलेल्या पिढीला त्या काळच्या तिकिटांची आठवण काढून हळहळायचा पूर्ण हक्क आहे. पण ते तयार खुलं नाट्यगृह होतं आणि बँड बहुतेक इथलेच होते. आजच्या स्टेडियम शोशी त्याची तुलना होत नाही.

हा झाला तळ. आता माथा.

22 सप्टेंबर 2024 ला कोल्डप्लेच्या विक्रीच्या वेळी बुकमायशोवर एक कोटीहून जास्त लोक धडकले. (कोल्डप्ले रॉक की पॉप, हा वाद आपण बाजूला ठेवू, तिकीटविक्रीचा याहून मोठा धडा आपल्याकडे दुसरा नाही.) दर 2,500 पासून होते, उभ्याचं तिकीट 6,450, वर 12,500 पर्यंतच्या खुर्च्या आणि 35,000 चा लाउंज. विक्री संपते न संपते तोच हीच तिकिटं पुनर्विक्रीच्या साइटवर लाखांत दिसू लागली. हौसेला मोल नसतं ही म्हण आयोजकांनाही पाठ आहे. दलाल 6,450 चे पन्नास हजार मागतो आणि कुणीतरी देतो, हे दिसल्यावर पुढच्या दौऱ्यात आयोजक म्हणतो, मधला नफा दलालाने का खावा? मग ‘प्रीमियम’, ‘फॅन पिट’ (स्टेजला लागून उभं राहायची जागा), ‘अर्ली एन्ट्री’ असे थर वाढतात आणि मधल्या दराच्या जागा आक्रसतात.

ब्रिटनमध्ये ओअॅसिसच्या पुनर्मीलनाच्या दौऱ्यात हेच उघड्यावर आलं. 31 ऑगस्ट 2024 ला तासन्‌तास रांगेत थांबलेल्यांना साधारण 150 पौंडांचं उभ्याचं तिकीट शेवटी 355 पौंडांच्या आसपास दिसलं. सगळ्यांनी यंत्राला शिव्या घातल्या, भाव क्षणाक्षणाला चढवणाऱ्या अल्गोरिदमला. तिथल्या स्पर्धा नियामकाने तपासल्यावर कळलं ते अधिक साधं होतं. एकाच प्रकारच्या तिकिटांचे दोन दर आधीच ठरले होते, स्वस्तातली आधी संपवली आणि मग महागातली काढली, फक्त ते कुणाला नीट सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या महोत्सवांत ‘फेज 1, फेज 2, फेज 3’ म्हणून हेच चालतं. फरक एवढाच की इथे फेजचं नाव तरी लिहिलेलं असतं.

माथा खाली ठेवता येतो, पण त्यासाठी कलाकाराला अडून बसावं लागतं. द क्युअर या बँडच्या रॉबर्ट स्मिथने 2023 च्या अमेरिका दौऱ्यात चढते दर नाकारले, काही तिकिटं 20 डॉलरला ठेवली. तिकीटविक्रीच्या साइटने त्यावर 20 डॉलरपेक्षा जास्त शुल्क लावल्यावर त्याने जाहीर तक्रार केली, आणि तिकिटामागे 5 ते 10 डॉलर लोकांना परत मिळाले. बहुतेक बँड या भानगडीत पडत नाहीत.

आता तिकीट हाती कसं लागेल ते.

ऑनलाइन प्रतीक्षागृह कसं चालतं याबद्दल बराच गैरसमज आहे. मोठ्या विक्रीत, ठरलेल्या वेळेआधी जे आत येऊन थांबलेले असतात त्यांना वेळ होताच सोडतीसारखे क्रमांक वाटले जातात. नंतर आलेले त्यांच्या मागे लागतात. म्हणजे पहाटे पाचला येऊन बसल्याचा फायदा नाही, पण बाराची विक्री असताना बारा वाजून एक मिनिटाने येण्याचा तोटा मात्र मोठा आहे. अर्धा तास आधी लॉग-इन करून आत थांबा. क्रमांक मिळाल्यावर पान रिफ्रेश करू नका. एकाच खात्याने चार टॅब उघडले तर यंत्र तुम्हाला बॉट (माणसाऐवजी तिकिटं काढणारा प्रोग्रॅम) समजून बाहेर काढू शकतं. त्याऐवजी घरातल्या दोघांनी आपापल्या खात्यावरून, आपापल्या फोनवरून थांबायचं, एकाने वाय-फायवर आणि दुसऱ्याने मोबाइल डेटावर. ज्याचा नंबर आधी येईल त्याने दोघांची तिकिटं काढायची. प्रत्येक व्यवहाराला तिकिटांची मर्यादा असते (कोल्डप्लेच्या वेळी ती चार होती), त्यामुळे आठजणांचा गट एका खात्यावर विसंबून ठेवू नका.

नंबर आल्यानंतर लोक हरतात ते पेमेंटला. जागा तुमच्या नावावर काही मिनिटंच अडकवून ठेवलेली असते. कार्डाची ऑनलाइन व्यवहारमर्यादा बँकेच्या अॅपमध्ये आदल्या दिवशी वाढवून ठेवा; बऱ्याच डेबिट कार्डांवर ती मुळात कमी असते. यूपीआयची रोजची मर्यादा सर्वसाधारणपणे एक लाख, पण नवीन फोन किंवा नवं सिम घेतलं असेल तर सुरुवातीला ती बरीच कमी असते. दोन पर्याय तयार ठेवा, आणि पहिली व दुसरी पसंतीची श्रेणी कागदावर लिहा. ‘फॅन पिट घेऊ की स्टँड?’ ही चर्चा पेमेंटच्या पानावर करायची नसते.

पैसे गेले आणि तिकीट आलं नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी ‘माझी बुकिंग्ज’ बघा, कारण निरोप उशिरा येतो. व्यवहार खरंच फसला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे यूपीआय किंवा ऑनलाइन कार्डाचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

‘सोल्ड आउट’ दिसलं म्हणून फोन ठेवू नका. पहिल्या लाटेतले कित्येक व्यवहार पेमेंटला पडतात आणि त्या जागा दहा-पंधरा मिनिटांत परत दिसतात. दुसरं म्हणजे मागणी दिसली की शो वाढतो. कोल्डप्लेचा तिसरा शो विक्रीच्याच दिवशी जाहीर झाला. तिसरं आणि सगळ्यात दुर्लक्षित: साउंडचं टेबल, कॅमेऱ्यांचे ओटे, स्पीकरचे मनोरे यांच्यासाठी आयोजक बऱ्याच जागा अडवून ठेवतात. स्टेजचा नकाशा पक्का झाला की त्यातल्या न लागणाऱ्या जागा मूळ दरात मोकळ्या होतात. हे शोच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत, कधी आदल्या दिवशीही घडतं, आणि त्याची जाहिरात होत नाही. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ एकदा साइट बघायची सवय लावा. कोल्डप्लेने तर नोव्हेंबर 2024 मध्ये 2,000 रुपयांची तिकिटं जोडीने वेगळी विकली.

थांबायचं की लगेच घ्यायचं? बँड पहिल्यांदा येतोय, एकच शो आहे आणि स्टेडियममध्ये आहे, तर पहिल्याच दिवशी घ्या. महोत्सव असेल आणि मुख्य नावासाठीच जायचं असेल, तर नावं जाहीर होण्याआधीचं स्वस्त तिकीट हा जुगार आहे. हरलात तर तुम्हाला नको असलेल्या बँडसाठी दोन दिवस उन्हात काढावे लागतात. तिसरा प्रकार म्हणजे जुनं नाव, मोठं मैदान आणि विक्री सुरू होऊन महिना झाला तरी सगळ्या श्रेणी उपलब्ध. अशा शोला घाई करू नका. एकावर एक, बँकेच्या कार्डावर सूट, असलं काहीतरी निघतंच. ‘फास्ट फिलिंग’ या लाल पट्टीवर अजिबात जाऊ नका.

कुठली जागा घ्यावी याबद्दल माझं मत ठाम आहे. पैसे आवाजासाठी मोजा, स्टेजजवळच्या अंतरासाठी नाही. मैदानाच्या मधोमध ध्वनिनियंत्रणाचा चौथरा असतो. तिथला माणूस त्याच्या कानाला जे ऐकू येतं त्यावरच मिश्रण करतो, म्हणून त्याच्या आसपासचा आवाज सगळ्यात नेमका. साध्या उभ्याच्या तिकिटात त्या चौथऱ्यासमोर थोडं मधोमध उभं राहिलात, तर दुप्पट दराच्या फॅन पिटच्या कडेपेक्षा गिटार स्वच्छ ऐकू येते. ध्वनीला शंभर मीटर कापायला जवळजवळ 0.3 सेकंद लागतात, म्हणून मागच्या मनोऱ्यांतले स्पीकर मुद्दाम तेवढे उशिरा वाजवले जातात. दोन मनोऱ्यांच्या मध्ये, तिरप्या कोनात उभं राहिलं की ड्रमचा ठोका दुहेरी ऐकू येतो. स्टँडमध्ये बसायचं तर खालचा किंवा मधला टप्पा घ्या. छताखालच्या शेवटच्या रांगांत आवाज परतून घुमतो. स्टेजच्या अगदी बाजूच्या खुर्च्या स्वस्त दिसतात, पण मोठा पडदाच दिसत नाही. लाउंजमध्ये तुम्ही स्वच्छतागृह आणि बारची रांग टाळायचे पैसे देता. ते हवं असेल तर जरूर द्या, पण आवाज त्याने सुधारत नाही. उंची पाच फूट दोन इंच असेल तर उभ्याऐवजी स्टँडचा विचार करा; तीन तास कुणाच्या तरी पाठीकडे बघण्यात मजा नाही.

पुनर्विक्रीबद्दल. हातात तिकीट नसतानाच ते विकायला काढणारे लोक असतात: आधी तुमच्याकडून पैसे घ्यायचे, मग भाव पडला की स्वस्तात मिळवून द्यायचं, नाहीच मिळालं तर गायब. इन्स्टा-टेलिग्रामवर स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याने तोच स्क्रीनशॉट दहाजणांना पाठवलेला असू शकतो; गेटवर जो पहिला पोचेल तो आत. मनगटी पट्टा किंवा छापील तिकीट कुरिअरने येणार असेल, तर फोटो म्हणजे काहीच नाही. ओळखीच्या माणसाकडून, मूळ दरात, आणि साइटवरच तिकीट तुमच्या खात्यावर वळवण्याची सोय असेल तरच घ्या. टोळीने अनधिकृत तिकीटविक्री करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 112 खाली गुन्हा आहे, एक ते सात वर्षांची शिक्षा आहे. कोल्डप्लेच्या काळाबाजारावरून ऑक्टोबर 2024 मध्ये ईडीने पाच राज्यांत छापे घातले. पण त्याने तुमचे गेलेले पैसे परत येत नाहीत. फसलात तर पहिल्या तासाभरात सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा, तेवढ्यातच रक्कम गोठवली जायची शक्यता असते. स्वतःच्या तिकिटाचा क्यूआर कोड आनंदाच्या भरात स्टेटसवर टाकू नका, हेही सांगायला हवं.

शो रद्द झाला तर मूळ किंमत परत मिळते, सुविधा शुल्काचं प्रत्येक साइटचं वेगळं असतं. पुढे ढकलला तर परताव्यासाठी मोजके दिवस देतात. तो ई-मेल स्पॅममध्ये पडला की संधी गेली. 28 ऑक्टोबर 2011 चा मेटॅलिकाचा गुडगावचा शो लोक मैदानात आल्यावर सुरक्षेच्या कारणावरून आधी दुसऱ्या दिवसावर ढकलला आणि मग रद्द झाला. अशा वेळी गाडीभाडं आणि हॉटेल सहसा कुणी भरून देत नाही. म्हणून परगावच्या शोला हॉटेल विनाशुल्क रद्द करता येणारंच घ्यायचं, आणि तेही तिकीटविक्रीच्या आधी. तिकिटं संपल्यावर आसपासच्या खोल्यांचे भाव त्याच संध्याकाळी चढतात.

तुम्ही पुण्याचे आहात, तर एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. शो डी. वाय. पाटीलला असेल तर मुंबईत शिरायचंच नाही. पुण्याहून येणाऱ्या बस नेरूळच्या एलपी थांब्यावर सोडतात, तिथून मैदान चालत जाण्याइतकं जवळ. परतीचं एसटीचं किंवा खासगी बसचं आरक्षण वाशी नाहीतर नेरूळहून, रात्री साडेअकरानंतरचं करा. दहाला संगीत थांबलं तरी दरवाजातून बाहेर पडायला पाऊण तास जातो आणि त्या वेळी अॅपवरच्या टॅक्सीचे दर तिप्पट दिसतात. शो महालक्ष्मीला असेल तर पश्चिम रेल्वेचं स्टेशन आणि ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रोही जवळ आहे, पण त्याच रात्री पुणं गाठायचा हट्ट नको. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. शो चार महिने आधी जाहीर होत असल्याने ती तारीख आजच कॅलेंडरवर टाका.

आत गेल्यावर खिसा कापला जातो तो खाण्यापिण्यात. बऱ्याच मैदानांवर रोख चालत नाही, मनगटी पट्ट्यात पैसे भरावे लागतात. एकदम दोन हजार भरू नका, पाचशे-पाचशे करा, कारण उरलेले परत मिळवायची मुदत काही दिवसांचीच असते आणि काही ठिकाणी त्यावर शुल्क कापतात. बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, ओळखपत्र मूळ ठेवा. बाहेर जाऊन परत येता येत नाही, म्हणून उशिरा जेवायचा बेत असेल तर चारलाच पोटभर खाऊन निघा. कानात घालायचे फिल्टरचे बोळे काही शे रुपयांत मिळतात. स्टेजजवळ आवाज 100 डेसिबलच्या पुढे जातो, आणि व्यावसायिक सुरक्षेच्या मापाने उघड्या कानांना तो दिवसाला पंधरा मिनिटंच मानवतो. मुख्य बँड सव्वाआठपर्यंत स्टेजवर येतो असं धरून साडेपाचला दरवाजाशी असा. दहाची मर्यादा असल्याने सुरुवात लांबली की शेवटची गाणी गळतात, आणि ज्यांच्यासाठी आठ हजार मोजले ती सहसा शेवटचीच असतात.